त्यू म्हणजे तू

फ्रेंच शिकायचं ठरलं ते रविवारच्या जेवणात, वरणभात आणि वांग्याच्या भरताच्या मध्ये कुठेतरी. ठरवलं मीच. आमच्या घरात बहुतेक गोष्टी अशाच ठरतात. मी फ्रीजवर यादी लावते, नवरा आणि मुलगी तिच्यावर विनोद करतात, आणि महिन्याभरात यादीतलं सगळं झालेलं असतं. या वेळी यादीत एकच ओळ होती: फ्रेंच.

कारण सासूबाई. त्या उन्हाळ्यात अमरावतीच्या घरी त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत. सकाळी कामाच्या बाई येईपर्यंत त्या ओल्या फरशीवर तशाच पडून होत्या. आम्हाला हे कळलं चांगलं आठवडाभराने, तेही शेजारच्या काकूंकडून. त्या आठवड्यात सासूबाई रोज फोनवर आमच्याशी बोलत होत्या आणि "इकडे फार गरम होऊन राहिलं" याखेरीज काही सांगत नव्हत्या. नवऱ्याने चिडून विचारलं तर म्हणाल्या, "सांगून काय झालं असतं? तू काय विमानाने येऊन मला उचलणार होता?"

मुद्दा बरोबर होता. आम्ही इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये, दोघंही आयटीत, मुलगी इथल्या शाळेत, घर स्वतःचं. सगळं बस्तान नीट बसलेलं. फक्त सासूबाई त्यात बसत नव्हत्या. इथे त्या पाहुण्या म्हणून येऊ शकत होत्या; सहा महिने झाले की परत. आईवडिलांना कायमचं आणायचे नियम आहेत, पण ते वाचून झाल्यावर माणूस चहा करायला उठतो, इतके ते निरुपयोगी. कॅनडाचं वेगळं होतं. मुलगा तिथला कायमचा रहिवासी असेल तर आईला सलग काही वर्षं त्याच्याकडे राहता येतं. नवऱ्याच्या कंपनीचं तिकडे ऑफिसही होतं. प्रश्न होता आमच्या गुणांचा. तिथे जायला गुण लागतात, आणि चाळिशीनंतर दर वाढदिवसाला ते कापले जातात. केक आपण कापायचा, गुण त्यांनी.

हे कापलेले गुण भरून काढायचा एकच मार्ग होता. फ्रेंचची परीक्षा द्यायची, आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत ठरलेली पातळी गाठायची. एका भागात कमी पडलात तर बाकीच्या तिन्हींत कितीही चमकलात तरी उपयोग नाही.

नवऱ्यानेही सुरुवात केली होती. एक धडा ऐकला, म्हणाला, "या लोकांचा र घशातून का येतो?" आणि डिशवॉशर लावायला निघून गेला. परत आलाच नाही. तेव्हा अर्जदार मी.

शाळेत माझा जादा भाषेचा विषय संस्कृत होता, गुण मिळवून देणारा म्हणून घेतलेला. त्याचा असा उपयोग होईल हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. ज्या पिढीने गच्छति गच्छतः गच्छन्ति चालीवर पाठ केलं, तिला क्रियापदं चालवायची भीती वाटत नाही. ऑफिसला जाताना वाटेत जितके राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, तितकी क्रियापदं, असा मी नियमच केला. मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्याला क्रियापदं कमी पडतील, राउंडअबाउट पडणार नाहीत. देवः देवौ देवाः च्या चालीत फ्रेंच म्हणत मी गोल फिरत असे, आणि शेजारच्या लेनमधले लोक मला गाणारी समजून हसत.

अडचण लिंगाची होती. आमची मुलगी शाळेत फ्रेंच शिकते आणि तिचं फ्रेंच माझ्याहून चांगलं आहे, हे ती मला दिवसातून एकदा तरी आठवण करून देत असे. मराठीत मात्र तिचं लिंग नेहमी चुकतं. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात दोन भाषांची चकमक चाले.

"आई, माझी पाणी कुठे आहे?"

"माझं पाणी."

"ओके, माझं. आणि तू काल ल ताब्ल म्हणालीस. ला ताब्ल. टेबल फेमिनिन आहे."

"टेबल मराठीत ते आहे."

"फ्रेंचमध्ये ती आहे. मी काय करू?"

"टेबल बाई कसं असेल?"

"आणि पाणी नपुंसक कसं असेल?" ती म्हणाली. मी तिला पाणी दिलं.

वर्षभर असं चाललं. ऐकणं, वाचणं, लिहिणं हळूहळू जागेवर आलं. बोलण्यासाठी मी एक शिक्षिका शोधली. त्या मूळच्या आफ्रिकेतल्या कॅमेरूनच्या, फ्रेंचमध्येच वाढलेल्या, साठीच्या पुढच्या, अंगाने भरदार, डोक्याला रंगीत कापड बांधणाऱ्या. जवळच्या ब्लेचलीच्या लायब्ररीत एका कोपऱ्यातल्या टेबलाशी आम्ही शनिवारी बसत असू. त्यांच्या हातात नेहमी पुदिन्याच्या गोळ्यांचा डबा. उत्तर चांगलं आलं तर एक गोळी, चुकलं तर डबा बंद.

बोलण्याच्या परीक्षेचे दोन भाग असतात. पहिल्यात एक जाहिरात देतात. तुम्ही जाहिरात देणाऱ्याला फोन केला आहे असं धरून चौकशी करायची. समोरचा परीक्षक तो जाहिरातवाला होतो. दुसऱ्या भागात पुन्हा एक जाहिरात, पण आता तोच परीक्षक तुमचा जवळचा मित्र. त्याला पटवायचं की तू हे कर, तू इथे चल. तो नाही म्हणत राहतो, तुम्ही पटवत राहायचं.

फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच आहे. परक्याला, मोठ्याला 'वू', म्हणजे तुम्ही. मित्राला 'त्यू'. ओठांचा चंबू करून म्हणायचं, पण आपल्या कानाला सरळ 'तू'च ऐकू येतं. अर्थही तोच. अख्ख्या भाषेत हा एक शब्द मला फुकट मिळाला होता, आणि तोच माझ्या घशात अडकला.

पहिल्या भागात मी उत्तम. दुसऱ्या भागात शिक्षिका मैत्रीण झाल्या, मी तोंड उघडलं आणि 'वू' म्हणाले.

"मी तुझी बालमैत्रीण आहे," त्या म्हणाल्या. "तू माझ्याशी बँकेच्या मॅनेजरशी बोलावं तसं बोलतेस."

"सॉरी." पुन्हा सुरू केलं. पुन्हा 'वू'.

"पुन्हा."

पुन्हा 'वू'. गोळ्यांचा डबा बंद झाला.

"काय झालं? माहीत तर आहे तुला."

"तुम्ही माझ्याहून मोठ्या आहात," मी म्हटलं. "आणि त्यातून शिक्षिका. आमच्या भाषेत हाच शब्द आहे, अगदी हाच, तू. तो मोठ्यांना वापरला तर उद्धटपणा होतो."

त्या खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसल्या. लायब्ररीतल्या बाईंनी वर पाहिलं. "माझ्या आजीला मी आयुष्यात कधी त्यू म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "पॅरिसला गेले तेव्हा ऑफिसात सगळे एकमेकांना त्यू. साहेबाला त्यू म्हणायचं म्हणून मी पहिले कित्येक दिवस त्याला हाकच मारली नाही. जवळ जाऊन खोकत असे." मग एकदम गंभीर झाल्या. "पण ऐक. परीक्षेच्या खोलीत माझ्याहून म्हातारी बाई बसलेली असू शकते. जवळच्या मैत्रिणीला सारखं वू म्हणालीस, तर तुला माणसांशी बोलता येत नाही असा अर्थ होतो. पाठांतराने हे जायचं नाही. घरात कुणी मोठं आहे?"

होतं. सासूबाई नुकत्याच, ऑक्टोबरात, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

मी घरी येऊन हे गंमत म्हणून सांगितलं. सासूबाई चिवडा करत होत्या. त्यांनी झारा खाली ठेवला. "मग म्हण ना मला तू. त्यात काय?"

"अहो आई, काहीतरीच काय."

"काऊन? का बरं नाही? मला काही होऊन नाही राहिलं."

इथे सासूबाईंविषयी सांगायला हवं. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडायच्या त्या काळात. कानाला यंत्र, समोर तारांचा फळा, आणि तालुक्याच्या सगळ्या भांडणांचा, लग्नांचा, मयतांचा त्यांच्या कानांवरून प्रवास. फोनवर माणसाशी कसं बोलावं हे त्यांना जितकं कळतं तितकं मी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये पाहिलेलं नाही. माझा पहिला भाग, तो चौकशीचा, मी त्यांना ऐकवला. मी फ्रेंचमध्ये विचारत होते, त्यांना एक शब्द कळत नव्हता. तरी शेवटी म्हणाल्या, "चौकशी करून राहिली का झडती घेऊन राहिली?"

"म्हणजे?"

"समोरचा बोलला की तू लगेच पुढचा प्रश्न टाकते. मधे 'हो का', 'बरं झालं', काही आहे का नाही? असं बोललं तर मी लाइन कट केली असती."

माझ्या प्रश्नांची मी क्रमवार यादी केलेली होती, तीच मी खालपर्यंत वाचत होते. त्या दिवसापासून प्रत्येक उत्तरानंतर फ्रेंचमधलं 'हो का' घालायला शिकले. शिक्षिकांनी मला एकदम दोन गोळ्या दिल्या.

पण तू. तो प्रश्न तसाच होता. सासूबाईंनी त्यावर पद्धत काढली. "फ्रेंचमध्ये म्हणशील तर मला कळणार नाही, अन् तुझी लाजही जाणार नाही. मराठीत म्हण. एकदा तोंड बाटलं की फ्रेंचमध्ये काय अवघड आहे?"

रोज संध्याकाळच्या चहानंतर त्या चमच्याने स्टीलच्या पेल्यावर टण् करत. तेव्हापासून दुसऱ्या टणपर्यंत त्या माझी मैत्रीण. नावाने हाक मार म्हणाल्या, तिथे मी हात जोडले. अगंवर तडजोड झाली.

"अगं..." मी म्हटलं आणि थांबले. सोफ्यावर नवरा आणि मुलगी नाटक बघायला बसल्यासारखे बसले होते.

"अगं काय? पुढे?"

"अगं, तू... माझ्याबरोबर पोहायला चल ना."

नवरा खुदकन हसला. त्याच्याकडे न बघता सासूबाई म्हणाल्या, "तू जा रे, कुकर लाव. बायका बोलून राहिल्या." मग माझ्याकडे वळल्या. "काऊन पोहायला?"

"गुडघ्यांना बरं असतं."

"गुडघे भिजवायला बादली आहे घरात."

"अगं, पण तिथे तुझ्या वयाच्या पुष्कळ बायका येतात."

"माझ्या वयाच्या? म्हातारी म्हणून राहिली का मला?"

"नाही हो. म्हणजे, नाही गं."

"पाणी थंड असेल."

"गरम असतं. मी विचारलंय."

"अन् कपडे?"

"पूर्ण बाह्यांचे मिळतात, पायघोळ. इथे पुष्कळजणी घालतात."

"केस ओले झाले की मला सर्दी होते."

"टोपी मिळते."

"टोपीत मी बदकासारखी दिसीन."

"मग बदकासारखी पोह!" मी म्हणाले. म्हणजे चक्क ओरडले. सासूबाईंनी पेल्यावर टण् केलं आणि म्हणाल्या, "आता आली गाडी रुळावर."

रोज नवा विषय. त्यांनी गाडी शिकावी. त्यांनी मुलीच्या शाळेच्या सहलीला सोबत जावं. त्यांनी केस कापावेत. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे नकार तयार, आणि प्रत्येक नकार आधीच्याहून अफलातून. इतकी अवघड मैत्रीण मला आयुष्यात मिळाली नव्हती. हळूहळू मराठीतून अर्ध्या फ्रेंचमध्ये आलो, मग पूर्ण. मी फ्रेंचमध्ये पटवायची, त्या वऱ्हाडीत नकार द्यायच्या, आणि मुलगी मध्ये बसून दुभाष्याचं काम करायची. ती तर एकदा म्हणाली, "आजी, तुझी मराठी मला फ्रेंचपेक्षा हार्ड वाटतो."

"वाटते," मी आणि सासूबाई एकदम म्हणालो.

यातून दोन गोष्टी झाल्या, ज्या यादीत नव्हत्या. एक म्हणजे सासूबाई खरंच पोहायला जायला लागल्या. पटवायच्या सरावात त्या पटून गेल्या होत्या. एका गुरुवारी स्वतःच म्हणाल्या, "चल, पाहू तरी ते गरम पाणी." उथळ भागात, कठड्याला धरून, निळी टोपी घालून त्या चालल्या, आणि परत येताना गाडीत त्यांच्या गुडघ्यांचं इतकं वर्णन झालं की मी घराच्या वळणावरून पुढे निघून गेले.

दुसरी गोष्ट इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला झाली. कम्युनिटी सेंटरचा हॉल, तिळगूळ, वाणाला प्लास्टिकचे डबे, आणि जरीच्या साड्यांवर लोकरी कोट. जुन्या काकू एका रांगेत बसल्या होत्या. त्यातल्या एक पुण्याच्या, चाळीस वर्षं इथे राहूनही सदाशिव पेठेत राहत असल्यासारख्या. आम्ही निघालो, आणि मी पाहिलं तर सासूबाईंची पर्स खुर्चीवरच. दारातून मी हाक मारली:

"अगं, तुझी पर्स राहिली!"

कुणाचा तरी चहाचा कप बशीवर आपटला. पुण्याच्या काकूंच्या भुवया कुंकवापर्यंत गेल्या. मी "अहो, म्हणजे..." असं काहीतरी सुरू केलं.

सासूबाईंनी शांतपणे पर्स उचलली, पदर नीट केला आणि काकूंकडे पाहून म्हणाल्या, "फ्रेंच आहे ते. मराठी नाही."

पहिल्यांदा हसल्या त्या पुण्याच्या काकू. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग सगळा हॉल. पुढच्या आठवड्यात तीन सुनांनी मला मेसेज करून विचारलं, फ्रेंचचा क्लास घेतेस का, आमच्याकडेही काही शब्द बोलायचे राहिलेत.

परीक्षा मँचेस्टरला होती. नवऱ्याला रजा नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "मी येते. तू आत जा, मी बाहेर बसीन." ट्रेनमध्ये त्यांनी पोळीभाजीचा डबा उघडला, मला जबरदस्तीने खायला लावलं, आणि फ्रेंचचा शब्द काढू दिला नाही. स्टेशनबाहेर ट्रामचे रूळ ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला. कोणी कोणाला धरलं होतं कोण जाणे. परीक्षेच्या इमारतीसमोर एक छोटं कॅफे होतं. त्यांना तिथे खिडकीपाशी बसवलं, चहा घेऊन दिला आणि मी आत गेले.

लेखी भाग कॉम्प्युटरवर. ऐकण्याच्या भागात एक माणूस जुनं घर विकण्याबद्दल इतक्या घाईने बोलला की मला त्याच्या घराची कीव आली. पण बाकी ठीक. लिहिण्यात वेळ पुरला. शेवटी बोलणं.

दार उघडलं आणि आत ज्या बसल्या होत्या त्यांना पाहून माझे हात आपोआप जुळायला निघाले. पांढरे केस, मागे छोटा अंबाडा, चष्म्याला साखळी, खांद्यावर राखाडी शाल. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका फ्रेंच झाल्या असत्या तर अशाच दिसल्या असत्या. त्यांनी रेकॉर्डर सुरू केला.

पहिला भाग कुत्रे सांभाळणाऱ्या बाईंना फोन. मला कुत्रा नाही, पण प्रश्नांची मला कधी वाण पडत नाही. फिरायला किती वेळा नेता, जेवण तुमचं की आमचं, माझा कुत्रा फटाक्यांना घाबरतो. मध्ये 'हो का', मध्ये 'फारच छान'. झडती नाही, चौकशी. बाई उत्तरं देता देता किंचित हसल्यासारख्या वाटल्या.

दुसरी जाहिरात: वस्तीतली सार्वजनिक बाग, स्वयंसेवक हवेत. मैत्रिणीला पटवायचं. मी वाचलं, वर पाहिलं. शाल, चष्मा, अंबाडा. मी तोंड उघडलं.

"वू..."

माझा मलाच ऐकू आला. तो 'वू' रेकॉर्डरमध्ये गेला आणि परत येणार नव्हता. अमरावतीची ओली फरशी डोळ्यांसमोर आली. एवढ्या एका अक्षरावर ती फरशी टांगली होती, असं त्या क्षणी वाटलं. बाई माझ्याकडे बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही.

मग मला एक शब्द सापडला. फ्रेंचमध्ये जिवलगाला 'ऐक गं' म्हणायचं तर 'एकूत' म्हणतात. किती मराठी वाटतो तो! शिक्षिकांनी तो शिकवला तेव्हाच मी हसले होते.

"एकूत!" मी म्हणाले. ऐक गं!

तिथून पुढे मी परीक्षेत नव्हते. एकूत, तू दिवसभर घरात बसून काय करतेस? बाई म्हणाल्या, वेळ नाही. मी म्हटलं, तू टीव्ही बघतेस तो वेळ कुठून येतो? म्हणाल्या, चिखल आवडत नाही. मी म्हटलं, माझे बूट घे, तुला होतील. म्हणाल्या, पाठ दुखते. मी म्हटलं, तू बसून बिया पेर, खड्डे मी खणते, आणि टोमॅटो मात्र अर्धे तुझे. बोलता बोलता मी टेबलावर थाप मारली. बाईंचा चष्मा साखळीवर आला. शेवटी त्या म्हणाल्या की बरं, येत्या शनिवारी येऊन बघते, आणि ते त्या खऱ्या आवाजात म्हणाल्या असं मला आजही वाटतं. मग रेकॉर्डर बंद करून एकदम परक्या झाल्या आणि मला 'वू' म्हणून निरोप दिला. मीही दिला. त्या एका क्षणात दोघींनीही पदर सावरल्यासारखं झालं.

कॅफेत सासूबाई एकट्या नव्हत्या. एका इंग्रज आजींना त्या डब्यातली लिंबाच्या लोणच्याची फोड चाखवत होत्या. मला बघताच उभ्या राहिल्या. "म्हटलं का?"

"म्हटलं. पण सुरुवातीला एकदा तोंडातून 'तुम्ही' निघून गेलं."

"अन् मग?"

"मग टेबलावर हात आपटून तू तू केलं."

"मग झालं. ट्रंक कॉल तरी कुठे पहिल्या वेळी लागत होता? बस. डब्यात अजून एक पोळी आहे."

निकाल मार्चमध्ये आला. मी ऑफिसात, मीटिंगच्या मधल्या सुटीत. मी माणसं जमवून वगैरे काही उघडत नाही. फोन हातात होता, उघडला. ऐकणं, वाचणं, लिहिणं, तिन्ही पातळीच्या वर. बोलणं काठावर. पण काठ आतल्या बाजूचा. उरलेल्या मीटिंगमध्ये मी काय मान्य केलं ते मला दुसऱ्या दिवशी मिनिट्स वाचून कळलं.

घरी आले तेव्हा सासूबाई कणीक मळत होत्या. नवरा लॅपटॉपवर, मुलगी टोस्ट खात. मी सांगितलं. मुलीने आरोळी ठोकली आणि मला मिठी मारताना माझ्या जॅकेटला जॅम लावला. नवरा उठून माझ्यासमोर उभा राहिला आणि नुसता मान हलवत राहिला. सासूबाई कणीक मळतच होत्या.

"म्हणजे आता काय होईल?" त्यांनी विचारलं.

मी नीट सांगितलं. लगेच काही नाही. अर्ज, तपासण्या, वाट पाहणं. पण गुण आता पुरतात. यंदा तुम्हाला एप्रिलमध्ये परत जावं लागेलच. पण सगळं नीट झालं तर नंतर तिकडे याल तेव्हा सहा महिन्यांत परतायचं नाही.

मी हे बोलत होते आणि नवरा आईच्या पाठीकडे बघत होता. गेली दोन वर्षं तो हा प्रश्न विचारायला घाबरत होता. आम्ही सगळा घाट घातला होता, पण आईला यायचंय का, हे कोणी सरळ विचारलंच नव्हतं. विचारायला गेलं की त्या म्हणत, "मी माझ्या घरी बरी आहे." आणि विषय संपे.

सासूबाईंनी कणकेचे हात धुतले, नॅपकिनला पुसले, ओट्यावरचा फोन घेतला आणि अमरावतीला शेजारच्या काकूंना स्पीकरवर लावला. तिकडे रात्रीची जेवणं उरकली असावीत. काकूंच्या मागे भांड्यांचा आवाज होता.

"ऐकून राहिल्या का? एक काम होतं. माझ्या घरासाठी भाडेकरू पाहून ठेवा. हौ, पूर्ण घर. लगेच नाही, पुढच्या वर्षी लागतील. पण चांगले पाहा."

नवरा खुर्चीत बसला. मग हसायला लागला.

"काऊन वो? अचानक काय झालं?" काकूंचा आवाज स्वयंपाकघरात घुमला.

"सून पास झाली."

"कशात?"

"बोलण्यात. बाकीचं तर तिला येतच होतं." त्या खिडकीकडे वळल्या, त्यामुळे चेहरा दिसला नाही, पण आवाज अगदी ऑपरेटरचा, खणखणीत. "अन् ऐका, फॅमिलीवालेच पाहा. नळ नीट बंद करणारे. मागच्या अंगणात आंबा आहे, जो राहायला येईल त्याने त्याची फळं सगळ्या गल्लीला वाटायची, हे आधीच सांगून द्या."